महाराजांचे दोन देह, मारोतरावांचे तीन बूट

हुडको वसाहतीच्या मैदानावर रविवारी सकाळपासून रांग लागली होती, ती एका आठ फुटी फ्लेक्सच्या पाया पडायला. फ्लेक्सवर गेल्या सत्संगाचा लांबलचक फोटो होता. दोनशे भक्त ओळीनं उभे, डाव्या टोकाला हात उंचावलेले अनेकरूपी महाराज आणि उजव्या टोकाला? पुन्हा तेच महाराज! तोच हार, तेच हसू.

"देह एक, दर्शन अनेक!" महाराज माइकवरून गरजत होते. "कॅमेरा मशीन है, मशीन झूठ नहीं बोलती!" झूठ बोलण्याचं खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

दामिनीला एरवी हसू आलं असतं. पण तिच्या आईच्या, सिंधुताईंच्या, हृदयाची झडप खराब होती आणि ऑपरेशनसाठी उद्याच भरती व्हायचं होतं. ऑपरेशनच्या नावानंच वडील मारोतरावांचा धीर सुटला होता. महाराजांनी नेमकं तेच हेरलं.

"महाराज दुसऱ्या देहानं तुह्या आईच्या छातीत जाऊन व्हाल्व दुरुस्त करून देनार हायेत," मारोतरावांनी कालच जाहीर केलं होतं. "मंग चिरफाड कावून?"

म्हणजे महाराज आता फिटरचीही ड्युटी करणार होते, तीही पान्याशिवाय. सिंधुताईंना बसल्या जागी धाप लागत होती. दामिनीला वडिलांचा संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दामिनी पावर हाउस बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. लग्नाच्या वऱ्हाडाचे पाच-सहा फोटो जोडून एकच लांब फोटो करणं, हे तिचं रोजचं काम. रांगेत नंबर आल्यावर तिनं पाया पडायचं सोडून फ्लेक्सला नाक लावलं. मग वडिलांना हाक मारली.

"बाबा, मधात हे तुमीच ना?"

"मंग! महाराजांनी मले मधातच उभं केलं होतं."

"पाय मोजा."

रिटायर होऊनही मारोतराव स्टील प्लांटचे सेफ्टी बूट घालत. फोटोत त्यांच्या पँटखाली ते बूट तीन होते.

"महाराजांले दोन देह, तुमाले तीन पाय. तुमी कोन्ती सिद्धी केली?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. "कृपा है बेटी, कृपा!" महाराज माइकवरून घाईघाईनं म्हणाले. "भक्त को एक पैर ज्यादा मिला!"

"आन् सगळ्यायचे डोळे कावून मिटलेले हायेत?"

"पाच मिनिटं डोळे मिटून जप कराले सांगतलं होतं," मारोतराव म्हणाले आणि मधेच थांबले.

दामिनीनं वाद घातला नाही. वडिलांना डाव्या खांबाजवळ उभं करून तिनं मोबाइलवर फोटो काढला. मग जागीच थोडं थोडं वळत आणखी तीन काढले, प्रत्येकात आधीच्या फोटोचा थोडा भाग घेऊन. "आता माह्या मागून फिरून उजव्या खांबापाशी जा," ती म्हणाली आणि पाचवा काढला. पिशवीतला स्टुडिओचा लॅपटॉप उघडून फोटो त्यात घेतले. फोटो जोडायच्या प्रोग्रामनं दोन-दोन फोटोंतली सारखी झाडं, सारख्या खिडक्या ओळखून एकमेकांवर बसवल्या आणि जोड मिटवले. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक मारोतराव उभे होते, दोघेही सारखेच गोंधळलेले.

"जोडावरचा मानूस हलला, तर त्याचा पाय वाढते," दामिनी म्हणाली. "सगळ्यायचे डोळे मिटले असताना टोकावरचा कॅमेऱ्यामागून चालत गेला, तर तो महाराज होते."

महाराज तोवर दोन्ही देहांनिशी गाडीत बसले होते.

"बाबा, छत्तीस वर्षं तुमी सॅम्पलचा रिपोर्ट आल्याबिगर भट्टीतला माल पुढं जाऊ देल्ला नाही. आईच्या जिवाले सॅम्पल नको?"

मारोतरावांनी फ्लेक्सवरचे बूट पुन्हा एकदा मोजले. घरी आल्यावर त्यांनी गुपचूप हॉस्पिटलची फाइल शोधून काढली. सिंधुताईंनी लॅपटॉपवरचे दोन मारोतराव पाहिले.

"मले दोन नको," त्या धापा टाकत म्हणाल्या. "एकच पाह्यजे. पन उद्या, टायमावर."

मारोतराव त्यांना घेऊन टायमावर हॉस्पिटलात पोचले. ऑपरेशनच्या दिवशी ते हॉस्पिटलच्या बाकावर एकाच देहानं, दोनच बूट घालून दिवसभर बसून होते. झडप डॉक्टरांनी बदलली.

तेव्हा मंडळी, कोणी डोळे मिटायला सांगितलं, तर एक उघडा ठेवा. आणि चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी निदान पाय मोजून घ्या.