बोलणारा तुंबा

चिचखेडीच्या गुरुवारच्या बाजारात त्या दिवशी वांगी विकणाऱ्या बायासुद्धा दुकान सोडून उठल्या होत्या. चिंचेखाली ताडपत्रीचा मांडव, मांडवात शे-दीडशे माणसं आणि मधोमध चटईवर आडवी झालेली साक्षी. तिला सातवा सरत आला होता. लुगड्यांच्या आडोशात पोट उघडं टाकून ती डोळे गच्च मिटून पडली होती. तिची सासू धुरपता उशाशी हात जोडून बसली होती.

तुंबेवाले महाराज उभे राहिले. हे कुठून आले, कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणायचं हिमालयातून, कुणी म्हणायचं नागपूरहून. भगवी कफनी, सोनेरी काड्यांचा चष्मा आणि हातात एक तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा. आपल्याकडे शेतावर पाणी न्यायला वापरतात तोच. फक्त याच्या बुडाला लाल फडकं बांधलेलं.

"हिमालय का बर्फवाला घी!" असं ओरडून त्यांनी कसलासा गार, चिकट लेप साक्षीच्या पोटावर फासला. ती दचकली. मग तुंबा पोटावर टेकवून इकडून तिकडे फिरवला. "बोल बच्चा, बोल! माय को बोल!"

आधी तुंबा नुसता खरखरला आणि मग त्यातून आवाज आला. टपटप टपटप टपटप, भरधाव घोड्याच्या टापांचा.

"आयकलं का जी! देव घोड्यावर बसून आला!" मुखरूभाऊ ओरडले. सत्तरीचे मुखरूभाऊ गावातले वजनदार गृहस्थ. महाराजांना गावात आणलं त्यांनीच, मांडवही त्यांचाच. दीडशे माणसांनी तोंडात बोटं घातली.

महाराजांनी तुंब्याला कान लावला आणि पोटातल्या बाळाचं भाषांतर सुरू केलं. बाळाला हिंदीही येत होतं आणि आमची झाडीबोलीही. "बच्चा बोल रहा है, माय, मी येऊन राह्यलो. पण मले जागा नाई. माय, तू अर्धी भाकर खाय. त्या दवाखान्याच्या गोळ्यायनं मी काळा पडून राह्यलो. अन् दवाखान्याची मशीन पोटाले लावशील, त मी जन्माचा मुका होईन!"

धुरपताच्या डोळ्यांना धारा लागल्या. आठव्या-नवव्यात पोटभर खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, हे ती सुनेला पहिल्या महिन्यापासून सांगत होती. आता नातवानंच पोटातून साक्ष दिली. महाराजांची सगळी विद्या ही एवढीच. घरच्या थोरल्यांना जे ऐकायचं असेल, तेच बाळ बोलायचं.

गर्दीच्या मागे मी उभी होते. मी कमला खोब्रागडे, चिचखेडी उपकेंद्राची नर्स, या नोकरीत एकोणीस वर्षं झालेली. मी तो आवाज पहिल्या टापेलाच ओळखला. तालुक्याच्या दवाखान्यात बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र असतं, त्याला डॉपलर म्हणतात. मुठीत मावतं, दोन सेलवर चालतं, घरबसल्या मागवता येतं. महाराजांनी तुंब्याचं बूड कापून ते लाल फडक्याआड कोंबलं होतं, आणि ते 'घी' म्हणजे या यंत्रासाठी पोटाला लावतात तो जेल.

मी ओळखलं आणि गप्प बसले. ही गोष्ट सांगताना मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. मी मनात म्हटलं, यंत्र तर खरं आहे, ठोकेही खरे आहेत, ऐकू दे बिचारीला. मला लसीकरणाला पुढच्या गावी जायचं होतं. मी गाडीला किक मारली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र साक्षीच्या घरी थांबले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बावीस प्रतिज्ञांचं कॅलेंडर, आणि त्याच्याखाली महाराजांनी दिलेला अंगारा. माझंही घर त्याच धम्माचं. मला ते बघवेना.

"धुरपताबाई, पोटातलं लेकरू बोलत नाई," मी म्हटलं. "आवाजाले हवा लागते. पोटात बाळ पाण्यात असते. त्याच्या फुप्फुसात हवा नाई, पाणी असते. जन्मल्यावर पहिला श्वास घेते, तवा रडते."

"मंग तो टपटप?"

"त्याचं काळीज. दीड महिन्यात सुरू होते, तवा ते लेकरू मसुराच्या दाण्याएवढं असते. पाचव्यात माईले लाथा कळतात. सातव्यात ते डोळे उघडते, तुमचं भांडणबी आयकते. पण खाते कुठून? नाळेतून, हिच्या रक्तातून. हिले अर्धी भाकर द्याल, त त्याले पाव भेटन. गोळ्या बंद कराल, त हिच्या अंगात रक्त नाई होणार."

"तुमी लावता ना नळी पोटाले," धुरपता म्हणाली. "कधी आयकवलं का आमाले? तुमीच आयकता, कार्डावर लिहिता अन् चालल्या जाता. महाराजानं आयकवलं."

मी गोळ्यांची पाकिटं साक्षीच्या हातात दिली. साक्षी हळूच म्हणाली, "सिस्टर, मी घेतो गोळ्या." तिचा नवरा राजदीप राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत टिप्पर चालवतो, रविवारी तेवढा घरी येतो. घरात चालायचं ते धुरपताचं. गोळ्यांची पाकिटं मला नंतर कोठीच्या मागे सापडली, एकही न फोडलेली.

महिना सव्वा महिना गेला. महाराजांचा मुक्काम मुखरूभाऊंच्या पडवीत पक्का झाला. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतल्या बायका नारळ आणि दक्षिणा घेऊन येऊ लागल्या.

एका सोमवारी साक्षी सासूला म्हणाली, "आत्याबाई, लेकरू सकाळपासून हालून नाई राह्यलं."

धुरपतानं तिला दवाखान्यात नेलं नाही. तुंब्याकडे नेलं. तुंबा बोलला, पण टापा जरा धिम्या होत्या. महाराज क्षणभरही गडबडले नाहीत. "बच्चा समाधी में है. अब घोडा दौडता नहीं, चलता है." मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी साक्षी रडत म्हणाली, "महाराज, मले आतून कायच नाई वाटत." महाराज हसले. "तुले नाई वाटत, पण तुंबा त बोलून राह्यला ना?" मांडवातले सगळे हसले. तिच्या पोटातलं तिला कळत नव्हतं आणि भोपळ्याला कळत होतं, हे तिथे कुणालाच विचित्र वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी मी तिच्या घरी पोचले. नळी लावली, जागा बदलली, पुन्हा लावली. वीस मिनिटं ऐकत राहिले. मग दवाखान्याची गाडी बोलावली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडून वळवून घेतला. बाळ दोन दिवसांपूर्वीच गेलं होतं. साक्षीच्या अंगात रक्त निम्मंही उरलं नव्हतं. मेलेलं बाळ जन्माला घालायला तिला दीड दिवस कळा द्याव्या लागल्या. मुलगी होती, दीड किलोचीही नाही. नखं आलेली, पापण्यांचे केस आलेले, सगळं पुरं झालेलं. फक्त वाढायला काही मिळालं नव्हतं. खाणीतून धावत आलेल्या राजदीपनं तिला हातात घेतलं आणि मला विचारलं, "बाई, बुधवारी त हे बोलत होतं ना?"

गावात महाराजांनी निकाल दिला, "मशीन लगाया, बच्चा चला गया." म्हणजे बाळ मारलं ते मीच. साक्षीला अशुभ ठरवून दोन घरांनी आपल्याकडच्या बारशाचं तिला दिलेलं आवतण परत घेतलं. मला शिव्या खायची सवय आहे. पण त्या पोरीकडे बघून माझं डोकं फिरलं.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्याच दिवशी, मी मांडवात शिरले. चटईवर शेजारच्या मोहाळी गावची गरोदर रिना झोपलेली. घोडा दौडत होता. मी गर्दी ढकलत पुढे गेले आणि महाराजांच्या हातातून तुंबा हिसकावला.

"मुखरूभाऊ, इकडे या जी."

"काऊन?"

"मान द्या थोडी." त्यांना काही कळायच्या आत मी तो लेप त्यांच्या मानेला फासला आणि तुंबा नसेवर टेकवला. टप, टप, टप, टप. मांडवभर आवाज घुमला.

"कितवा महिना आहे, मुखरूभाऊ?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळा मांडव हसला. मुखरूभाऊंनी मान झटकली. मी तुंबा खांबावर आपटून फोडला. आत प्लॅस्टिकचं पांढरं यंत्र, दोन पेन्सिल सेल आणि त्याला घट्ट बसवायला कोंबलेला कापूस. यंत्राला एक छोटी काच असते, त्यावर ठोक्यांचा आकडा येतो. ती काच काळ्या चिकटपट्टीनं झाकून टाकलेली होती.

मला वाटलं, संपलं. पण महाराज मुरलेले होते. "मशीन है तो क्या हुआ? डॉक्टर का भी मशीन है! आवाज तो बच्चे का है ना?"

आणि गर्दी मान डोलवायला लागली. "हो जी, आवाज त खराच आहे." पाच मिनिटांपूर्वी मुखरूभाऊंच्या मानेतला घोडा ऐकून हसलेलीच ही माणसं.

तेव्हा मागून साक्षी आली. ती येणार आहे, हे मला माहीत नव्हतं. धुरपता तिला धरून होती. साक्षी रिनाच्या शेजारी चटईवर आडवी झाली, स्वतःच पदर बाजूला केला आणि म्हणाली, "सिस्टर, मले लावा."

"साक्षी, नको बाई."

"लावा म्हणतो ना."

मी पट्टी खरवडून काढली आणि यंत्र तिच्या रिकाम्या पोटावर टेकवलं. थोडं दाबलं, सरकवलं. टप टप टप टप. तिच्या पोटात बाळ नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. काचेवर आकडा आला, ब्याण्णव.

"हाच," साक्षी म्हणाली. "तीन दिवस मले हाच आवाज आयकवला."

मी आकडा सगळ्यांना दाखवला. "हे हिच्याच अंगातल्या मोठ्या नसेचे ठोके. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाले एकशेदहाच्या वर असतात, माईचे त्याहून कमी. म्हणून यंत्राले आकडा ठेवला आहे, की माय कोणती अन् लेकरू कोणतं, ते समजावं. यानं आकडाच झाकला. सोमवारी हा आकडा दिसला असता अन् कोणी मले सांगितला असता, त महाराजाले नाई, पण मले समजलं असतं."

साक्षी रडली नाही. "लेकरू हालत नाई, हे मले मालूम होतं," ती म्हणाली. "मी सांगत होतो. तुमी माह्यं नाई आयकलं, भोपळ्याचं आयकलं."

महाराज मागच्या बाजूनं सटकले. पोलिसांत तक्रार दिली. आजतागायत त्यांचा पत्ता नाही. सिरोंच्याकडे कुणी घागरवाले बाबा आलेत, असं परवा कळलं. मला नवल वाटलं नाही.

आता मी नळी लावते तेव्हा आधी आईची नाडी मोजून दाखवते आणि मग सासूला ऐकवते. वेळ जातो, जाऊ दे. तुम्हीही एवढं लक्षात ठेवा. पोटातलं बाळ बोलत नाही, ते हलतं, आणि ते हलणं फक्त आईला कळतं. तिनं 'हलत नाही' म्हटलं की अंगारा नको, तुंबा नको आणि घरी बसून यंत्रही नको. ताबडतोब दवाखाना गाठा. तिला पोटभर खाऊ घाला, गोळ्या द्या. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एकच विचारा, हाच चमत्कार मुखरूभाऊंच्या मानेवर होतो का?

गेल्या महिन्यात धुरपता उपकेंद्रात आली. बराच वेळ दाराशी बसून होती. बाकीच्या बाया गेल्यावर म्हणाली, "बाई, सोमवारीच दवाखान्यात नेलं असतं, त वाचली असती का माही नात?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. म्हातारीला रात्री झोप लागली असती.

"बहुतेक वाचली असती," मी म्हटलं.