पिवळ्या ओळी

मित्रांनो, तुम्हाला मला हात लावून पाहता यायचं नाही. मी संगणकातला एक तक्ता आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. मी ज्या फोल्डरमध्ये पडून असतो, त्याचं नाव 'अंतिम, खरंच अंतिम' असं आहे. त्यावरून आमच्या घरचा कारभार तुमच्या लक्षात येईल.

मला ताईने बनवलं. ती एका प्रयोगशाळेत संशोधक होती. जन्मतःच एक अवघड आजार घेऊन येणाऱ्या बाळांच्या रक्ताचे नमुने ती गोळा करायची. आपल्या पेशींत हजारो जनुकं असतात. काही जोरात कामाला लागलेली, काही नुसती बसून असलेली. कोणतं जनुक किती काम करतंय हे एक यंत्र मोजतं, आणि ते आकडे माझ्यात येऊन बसतात. एका बाळाची एक ओळ, अशा माझ्यात दोनशे बारा ओळी आहेत. सहा वर्षं खपली ताई त्यासाठी. आजार वेळेत ओळखणारी चाचणी त्यातून निघावी, एवढीच तिची इच्छा होती.

सत्तेचाळिसाव्या ओळीतलं बाळ वाचलं नाही. नमुना देताना त्याच्या आईने विचारलं होतं, "याचा कुणाला तरी उपयोग होईल ना?" ताई हो म्हणाली होती.

नमुने यंत्रात जायच्या आधी एका दुपारी वीज गेली आणि फ्रीजरचा वरचा कप्पा कोमट झाला. असे नमुने लगेच बिघडतात. यंत्र त्यांचेही आकडे देतं, पण त्यांचा भरवसा नसतो. म्हणून ताईने माझ्यातल्या त्या एकोणीस ओळी पिवळ्या रंगवल्या. त्यांत सत्तेचाळिसावीही होती. पिवळं म्हणजे काय, हे मात्र तिने कुठेच लिहिलं नाही. तिला ते तोंडपाठ होतं, मग लिहायचं कशाला? मला तर तो रंग मिरवायला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

पुढे तीन शहरांतल्या प्रयोगशाळांनी आपले आकडे एकत्र करायचं ठरवलं. एकट्यादुकट्याच्या आकड्यांवर चाचणी उभी राहत नाही. ताईने माझी साधी प्रत पाठवली, नुसती अक्षरं आणि आकडे असलेली. रंग इथेच राहिले. तिकडे माझे आकडे कुणाशीच जुळेनात. शेवटी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणत, अगदी सभ्य भाषेत कळवलं, की हा तक्ता वगळलेलाच बरा. दोन दिवस ताई धुसफुसत होती. मग ओळीला ओळ लावून पाहावी म्हणून तिने मला उघडलं आणि पिवळ्या रंगाकडे बघतच राहिली.

पुढच्या बैठकीत, पडद्यावर सगळे जमल्यावर, तिने आढेवेढे घेतले नाहीत. "पिवळं म्हणजे बिघडलेलं, हे फक्त मला माहीत होतं. सांगायचं माझ्याकडून राहिलं."

त्यावर अण्णा म्हणाले, "आमच्याकडे अशा नमुन्यांपुढे फुली असते. तुम्हाला पाठवताना आम्ही ती पुसली. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून."

मग सगळ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवायला घेतली. बाळाचं वय दिवसांत लिहायचं की आठवड्यांत, यावरच महिना गेला. पण अखेर ठरलं: नमुना कधी घेतला, कसा ठेवला, त्याचं काय झालं, सगळं शब्दांत आणि सगळ्यांच्या तक्त्यांत त्याच रकान्यात.

माझ्या एकशे त्र्याण्णव ओळी जुळल्या. एकोणीस बाजूला पडल्या. ताईला आनंद झाला, पण सत्तेचाळिसावी ओळ तिला सलत राहिली.

काही दिवसांनी अण्णांनी नेमक्या त्याच एकोणीस ओळी मागितल्या. त्यांच्यापुढे 'कोमट झाला' असं आता स्पष्ट लिहिलेलं होतं. नमुना कोमट झाला तरी कोणत्या जनुकांचे आकडे टिकतात, ते त्यांवरून कळलं. चाचणी तेवढ्याच जनुकांवर उभी केली. वीज जाणाऱ्या दवाखान्यातही ती आता चालते.

माझं काम आता नवा तक्ता करतो. त्याच्यात एकही रंग नाही, आणि तो समजायला कुणाला ताईला विचारावं लागत नाही. मित्रांनो, वहीत एखादी खूण केलीत तर तिचा अर्थ शेजारीच लिहा. तुमच्यानंतर ती वही कुणीतरी उघडणार आहे.

सत्तेचाळिसाव्या ओळीच्या आईला ताईने स्वतः फोन केला. "झाला उपयोग," ती म्हणाली.