पाठमोरे अण्णा

हसा खुशाल, पण मी दुधाचा कॅन बोलतोय. वीस लिटरचा, अॅल्युमिनियमचा, बुडाला पोचा आलेला. मध्ये काही वर्षं शाळेत पिण्याचं पाणी भरून ठेवायला होतो, म्हणून चौथीपर्यंत शिकलोय. दुधाच्या दिवसांत माझ्यात दूध किती अन् पाणी किती असायचं, ते मात्र विचारू नका. झाकणाला झाकणाचं काम करू द्या.

संगमनेरपासून दोन कोसांवर आमचं गाव. गहिनीनाथ अण्णांनी तिथं दूध संस्था काढली, हे खरं. त्याआधी पहाटे मला डोक्यावर घेऊन संगमनेर गाठायची त्यांची बायको मालनबाई, हेही तितकंच खरं. अण्णा पुढं चालायचे. हातात काठी, तोंडात विडी. वाटेत कुणी भेटलं की सांगायचे, "दूध घालाया निघालोय." निघालेले असायचेच की!

अण्णा वारले. मुलाला, अंगदला, पंचायत समितीच्या तिकिटाचे डोहाळे लागले. म्हणून वर्षश्राद्धाला अण्णांचं चरित्र छापून आलं. लिहिलं शामकांत सरांनी. सरांनी जन्मात खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही, पण पान एकोणचाळीसवर त्यांनी मला थेट अण्णांच्या डोक्यावर चढवलं.

मालनबाईला वाचता येत नाही. तिनं सरांनाच विचारलं, "सर, ह्यात मी कुठं हाय?"

सरांनी बरीच पानं उलटली. "हे बघा, एकशे बारा. 'पत्नीची मोलाची साथ लाभली.'"

"नाव न्हाई घातलं?"

"पत्नी म्हणजे तुम्हीच की हो!"

"मला ठावं हाय. वाचनाऱ्याला कसं कळावं?"

सरांनी चष्मा पुसला. शिकलेली माणसं अडचणीत सापडली की चष्मा पुसतात.

मग पुस्तकावर सिनेमा निघाला. पुण्याहून हर्षल नावाचे दिग्दर्शक आले, सोबत अण्णा झालेला नट. दंड असे की म्हैस उचलेल. त्याच्या डोक्यावर तयार शिवलेला फेटा टोपीसारखा बसवला आणि वर पाण्यानं भरलेला मी. चार पावलं, अन् धाडकन खाली! पोचा तेव्हाचाच. दुसऱ्यांदा पडायची मीच जरा घाई केली, खोटं कशाला बोलू. मजा येत होती.

मालनबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "आरं लेका, चुंबळ घे आदी. नुसत्या फेट्यावर कॅन ऱ्हातो व्हय?"

"आजी, पुस्तकात चुंबळ नाहीये," हर्षल म्हणाले.

"बुकानं कॅन उचलला नव्हता, बाळा."

ऊन चढलं. नटानं मान धरली. शेवटी हर्षलच म्हणाले, "आजी, तुम्ही चालाल? फक्त पाठमोऱ्या." अंगदनं लगेच अण्णांचं धोतर पुढं केलं. आईला सिनेमात घेतलं म्हणून त्याला कोण आनंद! बाप म्हणून घेतलं, एवढंच.

बाईनं धोतर घेतलं अन् आत गेली. मग धोतर नेसून, फेटा चढवून बाहेर आली, आणि काढून ठेवलेल्या स्वतःच्या निळ्या लुगड्याचा पदर तिनं टर्रकन फाडला. चुंबळ वळली, पांढऱ्या फेट्यावर ठेवली. हर्षल पाणी कमी करायला धावले. "आसू दे," म्हणाली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, डावा हात कमरेवर, थेंब सांडला नाही.

"ते निळं दिसतंय," कुणीतरी कुरकुरलं.

"पाठमोरं आहे, कोण बघतंय!" हर्षल म्हणाले.

गावानं बघितलं. मंगल कार्यालयात भर दुपारी पडदे ओढून खेळ झाला. पडद्यावर अण्णा निघाले. धोतर, फेटा, निळी चुंबळ, कमरेवर हात. मालनबाईची शेजारीण बायडाबाई ताडकन उठली. "आगं, ही तर आपली मालन!" मग सगळ्याच बाया उठल्या. शिट्ट्याही वाजल्या, आणि त्या पुरुषांच्या नव्हत्या.

खेळ संपल्यावर अंगदनं माईक धरला. "माझ्या वडिलांनी हा कॅन..."

"आईनं म्हन!" मागून आवाज.

"माझ्या वडिलांनी..."

"आईनं म्हन, आंगद्या!"

"आईनं," तो पुटपुटला. पुढचं भाषण त्याला आठवेना. सगळं बापाचं पाठ केलेलं.

मालनबाईनं शेजारी बसलेल्या सरांकडं बघितलं. "आता कळलं का वाचनाऱ्याला?" सरांनी चष्मा पुसला.

हल्ली मी संस्थेच्या हापिसात काचेच्या पेटीत असतो. खाली पाटी आहे, 'अण्णांनी डोक्यावरून वाहिलेला कॅन.' ती काही बदलली नाही. मालनबाई एकदा आली, शिपायाला पेटी उघडायला लावली, निळी चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि गेली. काढायची कुणाची छाती नाही.

कधी इकडं आलात तर एक खोडी करा. आधी पाटी मोठ्यानं वाचा, मग शिपायाला विचारा, "ही चुंबळ कुणाची?" मीच सांगितलं असतं, पण अंगदनं माझ्या झाकणाला कुलूप घातलंय.