कोरड्या हातांनी धरा

मी एक जुना काटा आहे. पायात मोडतो तो नव्हे, यंत्रातला. तरी माझ्याकडून गोडीगुलाबीची अपेक्षा ठेवू नका. मित्रांनो, तुम्ही मला आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्या रविवारबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी विशेष असं काहीच घडत नव्हतं. विज्ञान संग्रहालय उघडून तास झाला होता. आमच्याकडे ‘हात लावू नका’ अशी पाटी नसते. उलट हात लावा, ओढा, फिरवा, असंच सांगतात, आणि लोक ते फार मनावर घेतात. एका काकांनी अंगठीने माझी काच टकटक वाजवून पाहिली होती. एका पोराने चॉकलेटचे हात माझ्या मेजाला पुसले होते. मग एक कुटुंब आलं. आजोबा, आजी, त्यांची मुलगी आणि आठ वर्षांची नात.

आजोबा वाटेत प्रत्येक वस्तूपाशी थांबून अनोळखी माणसांना समजावत होते.

“बाबा, त्यांना त्यांचं बघू द्या ना,” मुलगी म्हणाली. “तुम्ही निवृत्त झालात.”

“अगं, पण उलटं धरलंय त्यांनी.”

“धरू देत उलटं. जग बुडत नाही.”

“बसायला कुठे आहे ते सांगा आधी,” आजी म्हणाली. “माझ्या पायांत गोळे आलेत. विज्ञान नंतर.”

आजोबांना मी ओळखत होतो. तेहतीस वर्षं तो इथला वायरमन होता. मुलीलाही ओळखत होतो. तिचा मला राग होता. का, ते सांगायला मागे जावं लागेल.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. नालाच्या आकाराचं लोहचुंबक, त्याच्या मधोमध केसाहून बारीक तारेचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्याला जोडलेला मी. तारेतून वीज गेली की मी उजवीकडे सरकतो. नाही गेली की शून्यावर बसतो. मला दुसरं काही येत नाही. खोटं बोलताही येत नाही. हा काही माझा मोठेपणा नव्हे, घडणच तशी आहे.

वायरमनने मला एका मेजात बसवलं. दोन्ही टोकांना पितळेच्या मुठी लावल्या आणि वर घंटा. एकाने डावी मूठ धरायची, दुसऱ्याने उजवी, मधल्यांनी एकमेकांचे हात. साखळी पुरी झाली की माणसांच्या अंगातून अगदी थोडी, जाणवणारही नाही इतकी वीज जाते. मी दोनच्या पुढे गेलो की घंटा वाजते.

रोज सकाळी दारं उघडण्याआधी तो एकटाच दोन्ही मुठी धरून मला तपासायचा. त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. मऊ, घामट हातांना मी आठवर जातो. त्याच्या हातांना पाचवर जायचो. पाच म्हणजे घंटा वाजून उरेल इतकं. तेहतीस वर्षांत ती एकदाही वाजायची राहिली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. माझ्यापुढे रांग लागायची. चाळीस मुलांची साखळी करून घंटा वाजवणाऱ्या एका शिक्षिकेने माझं तोंडभरून कौतुक केलं होतं. वायरमन तेव्हा कोपऱ्यात उभा राहून असा हसत होता, जणू मी त्याचाच मुलगा आहे.

मुलगा नव्हता त्याला. ही एक मुलगी होती. तो तिला ठमे म्हणायचा.

वर्षातून एक दिवस कर्मचाऱ्यांनी घरच्यांना आणायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्या वर्षी ठमी चौदा वर्षांची होती. संचालकही सहकुटुंब आले होते, आणि त्यांची मुलगी हिच्याच वर्गात होती. डावी मूठ संचालकांनी धरली. मग त्यांची बायको, मग त्यांची मुलगी, मग ठमी. उजवी मूठ वायरमनने धरली आणि दुसरा हात लेकीपुढे केला. तिने तो धरला. त्याची बायको पिशव्या सांभाळत बाजूला उभी होती.

संचालकांची मुलगी ठमीच्या कानाशी लागली. “ईऽ, तुझ्या बाबांचे हात बघ. धुत नाहीत का गं ते?”

मी तोवर दोनच्या जवळ आलो होतो. घंटा वाजणारच होती. तेवढ्यात ठमीने हात सोडला. अगदी थोडासा. बोटं बापाच्या बोटांजवळच ठेवली, फक्त टेकवली नाहीत. पाहणाऱ्याला हात हातातच आहे असं वाटावं.

मी शून्यावर आलो.

“काय हो वायरमन,” संचालक म्हणाले, “निदान आज तरी चालू ठेवायचंत!”

सगळे त्याच्याकडे बघू लागले. आणि ठमी म्हणाली, “यंत्र चालू आहे. बाबांचे हात कोरडे आहेत. त्यांच्यातून वीज जात नाही.”

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मला बोलता आलं असतं तर मी तिथल्या तिथे तिचे वाभाडे काढले असते.

“खरंय,” तो म्हणाला. “माझे हात म्हणजे लाकूड.”

तो बाजूला झाला. त्याने सोडलेली मूठ ठमीने धरली आणि घंटा खणखणीत वाजली. टाळ्या पडल्या. तिकीटवाला दारातून ओरडला, “वा, लाकूडराव!” तेच नाव त्याला निवृत्त होईपर्यंत चिकटलं. तिकीटवाला म्हणायचा, झाडूवाली म्हणायची. त्या दिवशी घरी निघताना बायकोही हसून म्हणाली, “चला, लाकूडराव.” ठमी तेवढी पुढे चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी वायरमनने एक वाडगा आणला, त्यात ओला स्पंज ठेवला, आणि स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: ‘हात कोरडे असतील तर आधी ओले करा.’ एका पोरीचं खोटं तडीस न्यायला एवढा खटाटोप. तेव्हापासून तुम्ही सगळे पाणी गळणाऱ्या हातांनी येता. माझ्या मुठींवर हिरवट गंज चढला तो त्यामुळे. मेजाचं लाकूड फुगलं. आत ओल शिरली, माझं वेटोळं आता अडकत अडकत फिरतं. एक मुलगी लाजली आणि किंमत मी मोजली. मग राग नको येऊ?

पुढे पडदे आले. बोट फिरवलं की त्यांच्यावर अख्खी सूर्यमाला गरगरते. मला जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी ढकललं. लोक माझ्यावर पेले ठेवू लागले. वायरमन होता तोवर येऊन पुसायचा. निवृत्तीच्या दिवशी त्याने शेवटचं दोन्ही मुठींना धरलं. मी पाचवर गेलो. मग पुसायलाही कोणी उरलं नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी तो या रविवारी आला.

“आजोबा, आई सांगते, तुमच्या हातातून वीज जात नाही,” नात म्हणाली. “तुम्ही लाकूडराव!”

तर घरात तीस वर्षं ही गंमत म्हणून चालली होती. ठमी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

“बघू या की,” वायरमन म्हणाला. नातीने वाडग्यातला स्पंज उचलला. तो म्हणाला, “नको. तसंच धर.”

नातीने डावी मूठ धरली, मग आजी, मग ठमी. उजव्या मुठीवर तो. मी चारवर गेलो. घंटा वाजली, चिरकी, पण वाजली. नात नाचायलाच लागली. मग डोळे बारीक करून तिने गुपचूप आजीचा हात सोडला. घंटा बंद.

“कोणीतरी हात सोडला,” वायरमन लगेच म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर बघत पण नव्हतात!”

“काटा बघत होतो. हात कोरडे असले की काटा खाली राहतो, पण शून्यावर येत नाही. शून्यावर आला की समजायचं, हात सुटलाय. वायरमनला एवढं तरी यायला हवं की नाही?”

तो हे नातीला सांगत होता. लेकीकडे त्याने पाहिलंही नाही.

नातीने हात पुन्हा धरला. मी आधी चारवर होतो, आता सहावर गेलो. चौघे तेच, मुठी त्याच. ठमीच्या तळहातांना घाम फुटला होता. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलते. तीस वर्षं वाट पाहिली होती मी.

“चला, उशीर होतोय,” ती म्हणाली. “आणि बाबा, ते बूट टाकून द्या आता. बघवत नाहीत.”

तो स्वतःच्या बुटांकडे बघून हसला. “देतो. पुढच्या वेळी नवे घालून येतो, ठमे.”

दोन दिवसांनी तिकीटवाला झाडूवालीला सांगत होता, “लाकूडराव गेले गं. काल सकाळी. दाढी करता करता.” ती म्हणाली, “अरे देवा.” मग बराच वेळ ती माझ्या मेजाच्या आसपासच झाडत राहिली. तिने ते पुसलंही. उशीर झाला होता, पण पुसलं.

मित्रांनो, इथवर आलं की आमच्यासारख्यांनी हात जोडून, ‘आमची निगा राखा’, असं म्हणायची रीत आहे. मी हात जोडणार नाही. चॉकलेट पुसा, पेले ठेवा, काच वाजवा. तुम्ही सुधारणार नाही, ते मला माहीत आहे. माझी एकच मागणी आहे. मला कोरड्या हातांनी धरा. ती पाटी खोटी होती. आणि हात सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, पण दुसऱ्याच्या हातांना नावं ठेवू नका. ज्याला नावं ठेवता, त्याला सगळं माहीत असतं. तो फक्त बोलत नाही.

तीन आठवड्यांनी ठमी आली. आई आणि मुलगी बरोबर होत्या. मी तिला पाहिलं आणि मला जराही दया आली नाही. तिने आधी पाटी काढली. कोपरे न फाडता, नखाने, हळूहळू. पाटीची घडी करून पर्समध्ये ठेवली. वाडगा उचलून नळाखाली रिकामा केला.

“अगं, राहू दे ना ते,” आजी म्हणाली. “त्यांच्या हातचं आहे. लाकूडरावांची तेवढीच आठवण.”

“आई, ते नाव घेऊ नकोस.”

“का गं? तूच तर…”

“म्हणूनच.”

नातीने डावी मूठ धरली. आजीने नातीचा हात धरला. ठमीने आईचा हात धरला. उजवी मूठ मोकळी होती. ठमीचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता. मी शून्यावर होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मीही तिच्याकडे. मी तिला काहीही मदत केली नाही.

“आई, धर ना,” नात म्हणाली. “मला कळतंय, तू धरलं नाहीयेस.”

तिने मूठ धरली. मी सातवर गेलो आणि घंटा कर्कश वाजू लागली. ती हळू बोलली असती तर कोणालाच ऐकू गेलं नसतं. तिने दोन्ही हात घट्ट धरून ठेवले, आणि घंटेच्या वर आवाज काढून, तिकीटवाल्यापर्यंत जाईल असं, ती ओरडली:

“बाबा, तुमचे हात चांगले होते! हात मी सोडला होता!”