मुंढ्यातली कळी

पोरींच्या सॉफ्टबॉल संघाचे बाराही शर्ट आत्याने शिवले होते, त्यामुळे ते फाटले की तिच्याच दुकानात परत यायचे. दर सोमवारी संध्याकाळी संघाची कप्तान गाठोडं आणून कापायच्या टेबलावर टाकायची आणि आत्या नाक मुरडत एकेक शर्ट उलटा करायची. कुणी मातीत लोळण घेतलेली असायची, कुणाचं कोपर विरलेलं असायचं. सात नंबरचा शर्ट मात्र दर खेपेला एकाच ठिकाणी उसवायचा, उजव्या मुंढ्यात, म्हणजे बाही अंगाला जोडतात तिथे, पाठीच्या बाजूने. तो तिच्या भाचीचा.

भाचीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणी ती गोल गोल फिरून चक्कर येईपर्यंत थांबायची नाही. घरच्या पोरीचा शर्ट म्हटल्यावर आत्याने जीव ओतला. आधी साधी शिवण घातली, मग दुहेरी, मग जाड दोरा. तरी उसवला, तेव्हा तिने मुंढ्यात कळी घातली, म्हणजे काखेत एक जादा चौकोनी तुकडा जोडून हात मोकळा केला. त्यानंतर शर्ट फाटायचा थांबला. आपल्या हाताला यश आलं म्हणून आत्या दोन आठवडे स्वतःवर खूश होती.

त्याच दोन आठवड्यांत भिंगरीची बॅट पार रुसून बसली. पळण्यात ती पहिली, झेल तिच्या हातून सुटायचा नाही, पण बॅट हातात घेतली की चेंडू एक तर मागे जायचा किंवा समोर चार पावलांवर मरून पडायचा. त्या सोमवारी ती दुकानात आली ती तोंड पाडूनच. बाहेरगावच्या स्पर्धेची यादी रविवारच्या सामन्यानंतर लागणार होती, आणि कोच बाईंनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की रविवारी बॅट चालली नाही तर तिला घरीच राहावं लागेल.

"मी रविवारी जाणारच नाही," ती स्टुलावर बसून म्हणाली. "सगळ्यांसमोर हसं करून घेण्यापेक्षा आजच सोडते."

तिच्या बापाने, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, आपल्या परीने हातभार लावलाच होता. हा माणूस वायरमन. जन्मात त्याने बॅट धरली नव्हती, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून तो महिन्याभरात तज्ज्ञ झाला होता. कोपर वर, हनुवटी खाली, गुडघे सैल, नजर चेंडूवर, श्वास सोड, बोटं घट्ट नको, पण मनगट घट्ट हवं. पोरीला हे सगळं आठवेपर्यंत चेंडू मागच्या खेळाडूच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असायचा.

आत्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीत तोंड घालायला घरात एक माणूस पुरेसा होता. ती निमूटपणे गाठोडं सोडू लागली. पहिलाच शर्ट कप्तानचा निघाला, जिचा फटका कुंपणापर्यंत जातो म्हणून सगळे वाखाणायचे. तो कमरेशी उसवला होता, जिथे शर्ट पँटमध्ये खोचतात त्याच्या जरा वर. गेल्या सोमवारीही तिथेच उसवला होता. आत्याने दुसरा उलटा केला, तिसरा केला. बऱ्या खेळणाऱ्या चौघींचे शर्ट कमरेशीच ताणलेले. मुंढ्यात उसवणारी अख्ख्या संघात एकटी तिची भाची.

आत्याने हातातली कात्री खाली ठेवली आणि कोपऱ्यातली छत्री भिंगरीच्या हातात दिली. "हं, मार बघू," ती म्हणाली.

भिंगरीने उभं राहून छत्री फिरवली आणि पहिल्याच फटक्यात दुकानातल्या पुतळ्याचा ब्लाउज खाली आणला. आत्याने पुतळा हलवला आणि पुन्हा मारायला सांगितलं. कपडा घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी ती बघत होती. तोंडाकडे नाही, हातांकडे नाही, कापडाकडे. छत्री सुटली की बाही मुंढ्यातून ओढली जायची, पाठीवर आडवी घडी पडायची, आणि कमरेचं कापड जागचं हलायचं नाही.

"तू नुसते हात फेकतेस," आत्या म्हणाली. "कमरेपासून खाली तू आणि तो पुतळा सारखेच. भिंगरी म्हणे."

भिंगरीला हसू फुटलं, पण आत्याला हसता आलं नाही. शर्ट बिचारा दर आठवड्याला नेमकं सांगत होता आणि तिने दर आठवड्याला त्याचं तोंड शिवलं होतं. वर कळी घालून हाताच्या चुकीला मोकळं रान दिलं होतं. पोरीच्या फटक्याची वाट लावण्यात आपलाही हात आहे, हे तिला फार लागलं. तिने ते भाचीला सांगूनही टाकलं, आडपडदा न ठेवता. भिंगरी म्हणाली की निदान बाबांपेक्षा तुझी चूक सुबक होती.

दुसऱ्या दिवशी आत्याने कप्तानला बोलावून नीट विचारून घेतलं. कप्तानने दाखवलं ते असं: मागच्या पायाची टाच उचलून तो पाय जागीच वळतो, मग कंबर वळते, पोट चेंडू टाकणारीकडे जातं, आणि हात सगळ्यांत शेवटी, अंगाला धरून येतात. आत्याने मान डोलवली. ओली चादर पिळताना एक टोक आधी वळतं आणि दुसरं मागून ओढलं जातं, तसंच हे. एवढं कळल्यावर पुढचं तिच्या धंद्यातलंच होतं.

तिने भिंगरीचा जुना शर्ट घेतला, उजवा मुंढा पाठीच्या बाजूने उसवला आणि तिथे नुसते कच्चे टाके घातले. मोजून अकरा. जरा ओढ बसली की तुटतील असे. हात आधी सुटले तर टाके जाणार, कंबर आधी वळली तर राहणार. दुकानामागच्या मोकळ्या जागेत जुन्या मोज्यात चेंडू घालून तो पुढे आलेल्या पत्र्याच्या वाशाला दोरीने टांगला.

पहिल्या फटक्यात अकराही टाके टरकन गेले. आत्याने पुन्हा घातले. त्या संध्याकाळी सोळा वेळा घातले आणि सोळाही वेळा गेले. बुधवारी भाऊ वायरची पिशवी खांद्याला लावून आला आणि आल्या आल्या कोपराविषयी बोलू लागला. आत्याने त्याला पायरीवर बसवलं आणि सुया ओवायला लावलं. दोरा तोंडात धरलेल्या माणसाला सूचना करता येत नाहीत, हे तिला पहिल्यांदाच सुचलं आणि इतकी वर्षं का सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

गुरुवारी सहा टाके तुटले. शुक्रवारी संध्याकाळी भिंगरीची टाच उचलली गेली, पोट वळलं, मोजा दोरीसकट वरच्या पत्र्यावर जाऊन आपटला, आणि तिघांनी वाकून मुंढा पाहिला. दोनच तुटले होते. भाऊ काहीतरी बोलणार होता, पण त्याचे डोळे भरून आले होते, त्यामुळे त्याने आणखी एक सुई ओवली.

शनिवारी दुपारी आत्याने सामन्याच्या शर्टातली कळी काढली आणि मुंढा पुन्हा साधा शिवला, एकेरी शिवणीने. भिंगरी शेजारी उभी राहून बघत होती.

"आत्या, भर सामन्यात फाटला तर?"

"तर कुठे फाटला ते मला दाखव," आत्या म्हणाली.

रविवारी तिने वर्षात पहिल्यांदा सकाळी दुकान बंद ठेवलं. भिंगरी दोनदा बॅट घेऊन आली आणि दोन्ही वेळा बाद झाली. पहिल्या वेळी चेंडू लागलाच नाही. दुसऱ्या वेळी लागला, पण सरळ एकीच्या हातात गेला. आपण भलतंच तर शिकवलं नाही ना, असंही तिच्या मनात येऊन गेलं. शेवटच्या डावात संघ एका धावेने मागे होता, दोघी धाव पुरी करायची वाट बघत बेसवर उभ्या होत्या आणि पाळी आली ती नेमकी सात नंबरची.

पहिला चेंडू चुकला. दुसरा कडेने मागे गेला. आता एकच संधी उरली होती. शेजारी भावाने छाती भरून श्वास घेतला, आणि तो काय ओरडणार हे ओळखून आत्याने रुमालाने त्याचं तोंड दाबलं.

चेंडू आला. भिंगरीची टाच उचलली, कंबर वळली, हात मागून आले. आवाजच वेगळा आला, भरीव. चेंडू समोरच्या संघाच्या दोघींच्या मधून जमिनीलगत लांब निघून गेला. एक पोर फिरून घरच्या बेसवर पोचली, तिच्यामागून दुसरी पोचली, सामना जिंकला, आणि भिंगरी दुसऱ्या बेसवर पाय रोवून उभी राहिली. सगळ्या पोरी मैदानात धावल्या. भिंगरीने मात्र आधी आत्याला शोधलं, उजवा हात उंच करून शाबूत मुंढा दाखवला आणि डाव्या हाताने कमरेवर बोट ठेवलं. तिथे चांगली चार बोटं शिवण गेली होती.

"ताई, फाटला गं," भाऊ रुमालातून सुटत कळवळून म्हणाला.

"हो ना," आत्या म्हणाली, आणि तिला रडूच आलं. "बघ कसा सुंदर फाटलाय."

गर्दी पांगल्यावर कोच बाई हातात कागद घेऊन तिच्याकडे आल्या. त्यांनी यादीविषयी काही सांगितलं नाही.

"सात नंबरचा आणखी एक शर्ट लागेल," त्या म्हणाल्या. "बाहेरगावी तीन दिवस आहेत, एकावर भागायचं नाही. आणि या वेळी जरा पक्का शिवाल का?"

"मुंढ्यात पक्का नाही शिवणार," आत्या डोळे पुसत म्हणाली, आणि पिशवीतून टेप काढून भिंगरीची वाट बघत उभी राहिली.