चोविसाव्या नावाची जागा

मी चेंडू बोलतोय. पण चेंडू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो वाटोळा, गुणी प्राणी येतो तो मी नव्हे. मी लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता, पिवळ्या कातड्याचा. जमिनीवर टप्पा पडला की कुठे उसळेन ते माझं मलाही ठाऊक नसतं. ऑस्ट्रेलियन फुटबॉल नावाच्या खेळातला मी. त्यात मला लाथाडतात, मुठीनं ठोसतात, छातीशी कवटाळून पळतात. माझी तक्रार नाही. उचलाल तर जाईन, ठेवाल तर राहीन. याहून जास्त काही माझ्या हातात नाही, कारण मला हातच नाहीत.

मी शिवला गेलो जालंधरला, विकला गेलो मेलबर्नला, आणि हेन्कच्या बॅगेत कोंबला जाऊन पोचलो नेदरलँड्समधल्या एनस्खेडेला. हेन्क तिथलाच, सायकली दुरुस्त करणारा, साठीला टेकलेला. तरुणपणी आठ वर्षं ऑस्ट्रेलियात राहिला आणि येताना हे खूळ घेऊन आला. गावात त्यानं संघ काढला. एका बाजूला नऊ जण लागायचे, आणि ते जमवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ यायचे.

संघाचा एक रिवाज होता. नवा गडी पहिल्या मॅचआधी आठवडाभर मला घरी न्यायचा, म्हणजे माझी भीती जावी. मग मॅचमध्ये पहिला गोल मारला की हेन्क काळ्या पेनानं त्याचं नाव माझ्या अंगावर लिहायचा. माझ्यावर तेवीस नावं होती. नाव लिहिलं म्हणजे गडी संघाचा झाला, मग तो पुढे कुठेही जावो.

चोविसावा यशोधन. साताऱ्याचा मुलगा, इथल्या तंत्रविद्यापीठात दोन वर्षांसाठी शिकायला आलेला. २०१९च्या सप्टेंबरात कुणाच्या तरी लाथेनं मी मैदानाबाहेर सायकलींच्या रस्त्यावर गेलो, तर या पठ्ठ्यानं चालत्या सायकलीवरून मला एका हातात झेललं. आणि मग सायकलीसकट आडवा झाला, पण मला सोडलं नाही. कॉलेजात विकेटकीपर होता म्हणे. हेन्क म्हणाला, शनिवारी ये.

तो आला, आणि येतच राहिला. वर्गात त्याच्याशी कुणी कामापुरतंच बोलायचं. इथे मात्र चिखलात लोळून उठल्यावर लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. आईला फोनवर सांगायचा, "इथे मला ओळखतात गं." एवढंच त्याला हवं होतं. त्या तेवीस नावांवरून तो बोट फिरवायचा, तेव्हा मला कळायचं.

सात मार्च २०२०ला हेन्कनं मला त्याच्या हवाली केलं. त्याची पहिली मॅच चौदाला होती. त्या रात्री फोनवर त्याच्या आईनं, वासंतीताईंनी, मला पाहिलं आणि म्हणाल्या, कातडं कोरडं पडलंय रे, बाबांच्या कोल्हापुरी चपलांना लावतो तसं तेल लाव. लेकानं लगेच खोबरेल तेलाची बाटली काढली आणि मला असं चोळलं की बाळंतिणीच्या बाळालाही कुणी चोळणार नाही. मी ते पिऊन टाकलं. कातडं तेल पितंच, त्यात माझा काय दोष?

गुरुवारी टीव्हीवर जाहीर झालं, सगळे खेळ बंद. आठवड्यासाठी आलेला मी त्या खोलीत सोळा महिने राहिलो.

त्या घरात भाड्यानं राहणारी बाकीची मुलं आपापल्या आईवडिलांकडे निघून गेली. यशोधन वरणभात करायचा, मला समोरच्या खुर्चीत बसवायचा आणि बोलत जेवायचा. मराठी मी तिथेच शिकलो. दर रविवारी तेल. पुरे रे बाबा, असं ओरडावंसं वाटायचं. पण चेंडूला तोंड कुठून येणार?

उन्हाळ्यात जरा मोकळीक मिळाली. ऑक्टोबरच्या सतराला मॅच ठरली. सरावाला हेन्कच्या हातून मी तीनदा निसटलो, तर तो म्हणाला, याला लोणी लावलंय का काय? यशोधन लाजला, टॉवेलनं मला पुसलं, पण तेलाचं काही बोलला नाही. मॅचच्या चार दिवस आधी पुन्हा सगळं बंद झालं.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आली. पोरानं पाटावर लॅपटॉप ठेवला, पाना ठेवला, शेजारी मला ठेवलं. वासंतीताई फोनवरून म्हणाल्या, कातड्याचा आहे, देवापासून जरा लांब ठेव, पण कुंकू लाव, तुझं हत्यारच ते. त्यानं तेलकट बोट कुंकवात बुडवलं आणि तेविसाव्या नावाखाली, मोकळ्या जागी, नीट टेकवलं. माझी पूजा आजवर कुणी केली नव्हती. मला फार बरं वाटलं.

हिवाळा संचारबंदीत गेला. मे महिन्यात साताऱ्याहून फोन आला, बाबांना दवाखान्यात नेलंय. तीन आठवड्यांनी ते घरी आले, पण ऑक्सिजनचं यंत्र घेऊनच. आई 'ये' म्हणाली नाही. 'तुझं तू बघ' म्हणाली, आणि त्यानं मुकाट्यानं बॅग काढली. विमानं मोजकीच होती, हाताला लागलं ते तिकीट दोन जुलैचं. खेमेन्तेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन गावच्या रहिवाशांच्या यादीतून आपलं नाव काढून आला. आणि मग हेन्कचा निरोप आला, परवानगी मिळाली, मॅच तीन जुलैला.

तिकीट बदलून मिळतं का, म्हणून त्यानं दिवसभर फोन केले. मिळालं नाही.

एक तारखेला संध्याकाळी तो मला परत द्यायला मैदानावर गेला. हेन्क एकटाच होता. त्यानं आपली सायकल उभी केली, चार पावलांवर यशोधनची उभी केली आणि मधल्या फटीकडे बोट दाखवलं. पहिली लाथ चुकली. दुसऱ्या वेळी मी जीव खाऊन सरळ गेलो, दोन्ही सायकलींच्या बरोबर मधून. आयुष्यात इतका सरळ मी कधी गेलो नव्हतो.

हेन्कनं खिशातून काळं पेन काढलं.

"मॅच नव्हती ही," यशोधन म्हणाला.

"रिवाज मी पाडला, मोडणारही मीच."

त्यानं माझ्यावर पेन टेकवलं. शाई थेंबाथेंबानं जमली आणि ओघळली. अंगठ्यानं पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तेविसाव्या नावाखाली एक अक्षर उमटेना. काय लावलंस याला, हेन्कनं विचारलं. यशोधननं सांगितलं, खोबरेल तेल, दर रविवारी.

तो गवतात बसला. आधी हसला, मग चेहरा झाकून मराठीतच म्हणाला, "माझं नाव मीच पुसलं की रे."

हेन्कला शब्द कळले नाहीत. मला कळले. मी दोघांच्या मध्ये पडलो होतो आणि माझंच कातडं नाही म्हणत होतं. ते थोडं कोरडं करणंही मला जमलं नाही.

मॅच झाली. आठ जण खेळले आणि हरले. आता मी हेन्कच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. हवा हळूहळू जातेय. त्यानं साबण लावला, स्पिरिट लावलं, दोनदा लिहून पाहिलं, शाई धरत नाही. त्या घासाघाशीत शेजारची दोन नावंही फिकी झाली. कुंकवाचं बोट तेवढं तसंच आहे. तेलाबरोबर ते पार आत मुरलंय.

परवा एका नव्या गड्यानं मला उतरवलं, नावं वाचली आणि विचारलं, हा लाल डाग कसला? हेन्क हातातलं चाक ठेवून आला. ते कुंकू असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "डाग नाही. यशोधन आहे तो."

तो गडी या आठवड्यात मला घरी नेणार आहे. बाबा रे, तुला माझं ऐकू येणार नाही, तरी सांगतो. लाथाड, आपट, चिखलात लोळव. फक्त तेवढी जागा घासू नकोस.