सावड

नाथाजींनी खोरे बांधावर आडवे ठेवले आणि ते शेजारी बैठक मारून बसले. त्यांच्यामागे गावची माणसे एकेक करून थांबली. ओढ्यावरच्या मातीच्या बांधात दहा हातांचे खिंडार तेवढे उरले होते आणि मृग आठ दिवसांवर आला होता. एवढे बुजले नाही, तर महिनाभराचे सारे काम पहिल्याच पुरात वाहून जाणार होते.

“काय झालं, नाथाजीबाबा?” अच्युतने विचारले. सांगलीच्या एका वकिलांचा हा मुलगा महाविद्यालयातून आलेल्या अठरा विद्यार्थ्यांचा प्रमुख होता.

“सावड ठरल्याबिगार फुडं काम न्हाई. तुमी आमच्या बांधावर राबला. आता आमी तुमच्या घरी राबायला कवा यायचं, त्ये सांगा.”

मुले हसली. स्वातंत्र्याला अजून वर्षही झाले नव्हते. त्या उन्हाळ्यात ‘सेवा’ हा शब्द त्यांना नव्या वस्त्रासारखा शोभत असे. अच्युत नम्रपणे म्हणाला, “आम्ही सेवेला आलो आहोत, बाबा. परतफेड नको.”

“म्हंजे आमी भिकारी व्हय रं?” अंबूबाईंनी डोईवरची पाटी खाली टाकली. “राबल्याला राबून फेडायचं, ही हितली रीत हाय. तुज्या घरी काय काम हाय, त्येवढं बोल.”

“आमच्याकडे गडीमाणसं आहेत. काम असं काहीच नाही.”

“लय भाग्याचं घर!” अंबूबाई म्हणाल्या. “आमाला उंबऱ्याच्या आत तरी घेतील का?”

अच्युतने मान खाली घातली. बाकीची मुलेही खाली पाहू लागली.

जाफर मागे उभा होता. वडिलांचा तासगावात कापडाचा मोठा व्यापार आहे, असे त्याने वसतिगृहात सांगितले होते. फोड आलेले तळहात तो पुन्हा पुन्हा सदऱ्याला पुसत राहिला.

“आमच्याकडे आहे काम,” अखेर तो म्हणाला. “तासगावातल्या घराची मागची भिंत गेल्या पावसात पडली. वडील पिंजारी आहेत, गाद्या भरतात. भिंत घालणं त्यांना झेपत नाही. आईनं गोणपाट लावलंय.”

अच्युतने त्याच्याकडे पाहिले आणि दृष्टी वळवली.

“मातीची का दगडाची?” नाथाजींनी विचारले.

“मातीची. नऊ हात.”

“तासगाव चार कोस. दोन दिसांचं काम. बांध झाला की निघू.” ते थांबले. “ही एका घरची झाली. सतरा घरं ऱ्हायली.”

मग अच्युत जाफरच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“माझी सावड याच्या भिंतीवर धरा, बाबा.”

“माझीही,” मागून कोणी म्हणाले. मग आणखी कोणी.

“अठराजणांची सावड एका भिताडावर?” नाथाजी जाफरकडे पाहत हसत उठले. “गड्या, तुजा बा म्हनंल, ह्यो किल्ला कशापायी बांधला?”

सारा ओढा हसला. जाफर हसला नाही. तो अच्युतकडे वळून हलकेच म्हणाला,

“दारातून वाकून यावं लागतं.”

“येईन,” अच्युत म्हणाला, आणि त्याने पाटी उचलली.